बुसानच्या स्थळाची चौकशी

गंगाखेड, पालम आणि पाथरी या तीन तालुक्यांत आज जी लग्नं सुखानं टिकून आहेत, त्यांतली निम्मी आमच्या आत्यामुळे टिकली आहेत. आणि जी झालीच नाहीत, ती तर सगळीच्या सगळी तिच्यामुळे झाली नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आत्या लग्नं जमवत नाही. ते काम मध्यस्थांचं, आणि मध्यस्थ या प्राण्याबद्दल आत्याचं जे मत आहे ते छापण्याजोगं नाही. आत्या करते ती चौकशी. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, फोटो पसंत पडला, पत्रिका जुळली, मुलाच्या नोकरीची खात्री पटली, की मग मुलीचा बाप गंगाखेडला येतो, आत्याच्या घरी चटईवर बसतो आणि हळूच म्हणतो, "आक्का, तेवढं बगून या." मग आत्या कपाटातली सगळ्यात जुनी, विटलेली साडी काढते. "चांगलं नेसून गेलं की समोरचे लोक खोटं बोलायलेत," असं तिचं म्हणणं. बरोबर मैत्रिणींपैकी चौघी घेते, कारण चौकशीला एकट्यानं जायचं नसतं. दोन डोळ्यांना जे दिसत नाही ते दहा डोळ्यांना दिसतं. आणि भाकरी बांधून हा ताफा एसटीत बसतो.

मुलाच्या घरी ती सरळ कधीच जात नाही. आधी गावातली पिठाची गिरणी. त्या घरून येणारं दळण निवडलेलं असतं की तसंच, ते गिरणीवाला सांगतो. मग शेजारीण. मग घराची मागची बाजू, जिथं भांडी घासतात. "माणूस म्होरच्या दारात नटतो, मागच्या दारात कळतो," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सगळ्यात शेवटी ती दारात उभी राहते, ऊन लय झालंय म्हणते, आणि पाणी मागते. हीच तिची खरी परीक्षा. "पाणी मागायचं आन् गप बसून बगायचं, कोण उठतंय." पालममधल्या एका इंजिनिअर मुलाचं स्थळ तिनं याच परीक्षेत नापास केलं. बंगला होता, गाडी होती, मुलगा दिसायला राजबिंडा. पण आत्यानं पाणी मागितलं तेव्हा तो मोबाईलमधून मान वर न करता अंगणात डाळ वाळवणाऱ्या आईला ओरडला, "माय, पाणी दे गं!" आत्या परत आली ती संतापानं लाल होऊन. "माठ त्याच्या ढोपराला लागायला व्हता रे! ढोपराला!" पुढे त्या मुलाचं काय झालं मला ठाऊक नाही, पण पालममध्ये आजही अनोळखी बाईनं दारात येऊन पाणी मागितलं की तरणी पोरं खुर्चीतून टाणकन उठतात म्हणे.

अशा या आत्याला एकच मुलगी, वैशाली. आत्याचे यजमान वैशाली शाळेत असतानाच गेले. आत्यानं तिला एकटीनं वाढवलं, इंजिनिअर केलं. पोरगी पुण्याला नोकरीला लागली, आणि कंपनीनं तिला वर्षभरासाठी कोरियातल्या बुसान नावाच्या शहरात पाठवलं. वर्षाची दोन वर्षं झाली. आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर वैशालीनं सांगून टाकलं की तिच्याच ऑफिसातला एक मुलगा आहे, बुसानचाच, आणि त्याच्याशी लग्न करायचं तिनं ठरवलंय.

मी तेव्हा आत्याच्याच घरी होतो. भावकीच्या दृष्टीनं ही बातमी म्हणजे आभाळ कोसळण्याची गोष्ट, आणि पुढे भावकीनं त्या आभाळाखाली यथेच्छ आरडाओरडा केलाही. जात विचारली, धर्म विचारला, ते लोक काय काय खातात याची तर यादीच म्हणून दाखवली. आत्यानं मात्र एकच प्रश्न केला.

"चौकशी कुणी केली?"

"आई, मीच केली की. दोन वर्षं ओळखते मी त्याला."

"तू आत बसून बगितलंस. चौकशी भायरून करायची आसती."

 वैशाली एवढंच म्हणाली, की आई, तू हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. आणि आत्या म्हणाली, की चौकशी केल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. दोघी एकाच मातीच्या. आता बुसानला गंगाखेडहून एसटी जात नाही. तिथली गिरणी कुठं, शेजारीण कोण, आणि तिला कोणत्या भाषेत विचारायचं? लोकांच्या लेकींसाठी तीन तालुके पालथे घालणारी आत्या स्वतःच्या लेकीच्या वेळी हात बांधून बसली. तिकडे मुलाच्या घरचे उत्तराची वाट बघत होते. वैशाली मला रोज फोन करायची, "दादा, आई काय म्हणती?" आई काहीच म्हणत नव्हती. ती जेवतसुद्धा नव्हती धड.

इथं मला आमच्या फिल्म सोसायटीबद्दल सांगितलं पाहिजे. परभणीत आम्ही काही सिनेमावेडे मंडळी दरवर्षी चार दिवसांचा चित्रपट महोत्सव भरवतो. आमचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. ते प्रत्येक सिनेमाच्या आधी इतकं सुंदर बोलतात की पुष्कळसे प्रेक्षक तेवढ्यातच तृप्त होऊन घरी जातात. उरतो ते आम्ही, रिकाम्या खुर्च्या, आणि एसी आहे म्हणून झोपायला आलेले दोघे-तिघे. त्या वर्षी प्राध्यापकांनी पुण्याच्या ओळखीतून कोरियन सिनेमे मिळवले होते. आत्याला फोनवर काहीतरी बोलायचं म्हणून मी हे सांगितलं. 

"त्यात घरं दाखवतेत का?" आत्यानं विचारलं.

"दाखवतात की."

"सैपाकघर?"

"दाखवत असतील."

"मंग मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या परभणीच्या बसस्टँडवर उतरली, ती विटलेली साडी नेसून. मला वाटलं, घाईत आली असेल. नंतर माझ्या डोक्यात उजेड पडला: बाई चौकशीला आली होती.

सिनेमाच्या खाली इंग्रजीत ओळी येत होत्या, त्या मी तिच्या कानात मराठी करून सांगायच्या असं ठरलं. पहिल्याच सिनेमात नायक समुद्राकडे बघत काहीतरी गहन बोलला. मी मोठ्या मेहनतीनं भाषांतर केलं, "तो म्हणतोय, माणूस शेवटी एकटाच असतो."

"ते र्‍हाऊ दे," आत्या म्हणाली, "मागं भिताडाला टांगलंय ते काय हाय?"

पहिले दोन दिवस हेच. मी पुढचं सांगायचो, ती मागचं विचारायची. कोण कुणाच्या प्रेमात पडलं, कोण मेलं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. नायक-नायिका पडद्याच्या मधोमध रडत असताना आत्या वाकून वाकून कडेला डोकवायची, जणू पडदा थोडा बाजूला सरकवला तर न्हाणीघर दिसेल. आणि मग शोध लागायला लागले. एक माणूस घरात शिरताना उंबऱ्याशी जोडे काढतो, ते बघून आत्यानं माझं मनगट असं आवळलं की बोटं उमटली. "जोडे भायर काढले! बगितलंस का? जोडे भायर!" गच्चीवर मातीच्या मोठमोठ्या बरण्या ओळीनं मांडलेल्या दिसल्या, तेव्हा ती उठून उभीच राहिली. "लोणच्याचं घर हाय!" मागच्यांनी खाली बसायला सांगितलं, पण ती अजून बरण्या मोजत होती. आणि एका आईनं फोन उचलल्या उचलल्या पोराला विचारलं ते मी सांगितलं, "जेवलास का?" तेव्हा आत्यानं पदरानं नाक पुसलं.

पहिल्या दिवशीचा दुसरा सिनेमा फार संथ होता. त्यात एक म्हातारा बराच वेळ नाशपाती सोलतो, मग फोडी करतो, मग त्या बशीत मांडतो, आणि बशी बायकोपुढे सरकवतो. बस. आमच्या सोसायटीतले जाणकारसुद्धा माना टाकून घोरायला लागले. आत्या तेवढी टक्क जागी. मध्यंतरात ती म्हणाली, "ह्यो लय भारी हाय. असं सावकास दाखवलं तरच नीट बगता येतं." हे प्राध्यापकांनी ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यापुढे हात जोडून ते म्हणाले, "मावशी, या जिल्ह्यात सिनेमा कळणारं माणूस मला आज भेटलं!"

"मी सिनेमा न्हाई बगायले," आत्या म्हणाली, "घर बगायले."

प्राध्यापकांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, आणि पुढचं प्रत्येक भाषण त्यानंच सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गंगाखेडहून चौघी आल्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या. पाची जणी एका रांगेत बसल्या आणि मी मधोमध. आता मला कानात सांगून भागेना, मोठ्यानं सांगावं लागायचं. मग ज्यांना इंग्रजी भराभर वाचता येत नव्हतं असे बाकीचेही उठून आमच्या जवळ येऊन बसले. दुपारपर्यंत ही बातमी गावात गेली आणि आमच्या महोत्सवाच्या आयुष्यात पहिल्यांदा जादा खुर्च्या मागवाव्या लागल्या. सभागृहात ठेच्याचा खमंग वास, आणि पडद्यावर खुनाखुनी. हो, त्या दिवशी नेमका सूडपट होता. रक्ताचे पाट वाहत होते. मी घाबरलो, की झालं, आता हे स्थळ बुडालं.

त्यात मोठी अडचण झाली. सकाळच्या सिनेमात जो नट आपल्या आजारी आईला पाठुंगळी घेऊन डोंगर चढला होता, तोच नट आता खुनी होता. आत्यानं त्याला कानाखालच्या तिळावरून ताबडतोब ओळखलं. चौघींत एकच गलका झाला. एक म्हणाली, बाई बाई, सकाळी किती गुणाचा होता! दुसरी म्हणाली, म्हणूनच मी म्हणते, एका दिवसात माणूस कळत नाही. प्राध्यापक धावत आले आणि अभिनय ही काय कला असते ते समजावून सांगू लागले. आत्यानं त्यांना हातानंच थांबवलं.

"मला मालूम हाय सर, नाटक हाय ते. पर खून केल्यावर त्यानं फरशी पुसली ते बगितलं का? कोपऱ्यातलं बी पुसलं. पोछा पिळून वाळत घातला. ही सवय नाटकात येत न्हाई. ती घरची आसती."

चौघींनी माना डोलावल्या. खुनी पास झाला.

मला त्या दोन दिवसांत इतकं हसू येत होतं आणि इतका आनंद होत होता की मी मनातल्या मनात वैशालीचं लग्न लावूनही टाकलं. तिला फोनवर सांगितलं, "काळजी करू नको, बुसान आघाडीवर आहे." पण तिसऱ्या दिवशी तो सिनेमा लागला.

त्यात फार काही नव्हतं. खेड्यातली एक बाई, तिची मुलगी शहरात जाते. पुढे परदेशात जाते. बाई शेतात जाते, घरी येते, टीव्ही लावते आणि टीव्हीसमोर एकटी जेवते. एवढंच परत परत. सण येतो तेव्हा ती दोन वाट्या मांडते आणि मग एक उचलून ठेवते. मी भाषांतर करायला तोंड उघडायचो, पण त्या सिनेमात कुणी बोलतच नव्हतं. आत्या त्या दिवशी कडेला डोकावत नव्हती. सरळ पडद्याच्या मधोमध, त्या बाईकडे बघत होती. थोड्या वेळानं ती उठली आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. पायऱ्यांवर उन्हात बसली होती.

"कळव वैशीला," ती म्हणाली, "जमत न्हाई म्हनावं."

"अगं, का? कालपर्यंत तर सगळं..."

"लय लांब हाय रे."

लांब तर ते पहिल्या दिवसापासूनच होतं. पण आत्याला ते लांबपण आत्ता दिसलं होतं, त्या उचलून ठेवलेल्या वाटीत.  मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. इतक्या घरांत डोकावून आलेली ही बाई, तिला आपल्याच घरात डोकवायला त्या सिनेमानं लावलं, आणि मला त्या सिनेमाचा, प्राध्यापकांचा, आणि महोत्सवाच्या कल्पनेचाच भयंकर राग आला. वैशालीला मी फोन केला नाही. तिचाच आला. मी उचलला नाही.

चौथ्या दिवशी आत्या येणार नव्हती. पण चौघी ऐकेनात. चौकशी अर्धवट सोडायची नाही, हा नियम आत्याचाच. तो त्यांनी तिच्यावरच चालवला. आत्या आली आणि तोंड फिरवून बसली.

शेवटचा सिनेमा. पुन्हा तोच तीळवाला नट. या वेळी मासळीबाजारातला, तिरसट, सगळ्यांवर खेकसणारा. त्याची म्हातारी आई गावाहून त्याच्या चिमुकल्या घरात येते आणि तापानं आडवी होते. सून थकून भिंतीला टेकलेली. तो स्वतः कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला. आणि म्हातारी अंथरुणातून हळूच म्हणते...

मी भाषांतर करण्याआधी थांबलो. मग म्हणालो, "पाणी."

सगळं सभागृह सावरून बसलं. त्या चार दिवसांत आत्याची परीक्षा एव्हाना सगळ्यांना माहीत झाली होती. पडद्यावर कुणी हललं नाही. सुनेनं डोळे उघडले. मुलगा मोबाईल बघतच होता. माझ्या शेजारी आत्यानं फिरवलेलं तोंड पडद्याकडे वळवलं होतं. पुढच्या रांगेतले प्राध्यापक खुर्चीच्या टोकावर आले होते. आणि मग त्या तिरसट माणसानं मोबाईल खाली ठेवला, बायकोला हातानं बस म्हणून खुणावलं, आणि गुडघ्यावर हात टेकून...

"उठला!" आत्या ओरडली. "उठला गं बाई, पोरगा उठला!"

चौघी उभ्या राहिल्या. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. प्राध्यापक, ज्यांनी जन्मभर थिएटरात शिट्टी वाजवणाऱ्यांचा निषेध केला, त्यांनी शिट्टी वाजवली. पडद्यावर त्या मुलानं पाणी कोमट केलं, दोन्ही हातांनी पेला धरून आईच्या ओठाला लावला, पण ते बहुतेकांना दिसलंच नाही, कारण सगळे नाचत होते. आत्या रडत होती आणि हसत होती आणि पदरानं माझंच तोंड पुसत होती.

"कळव वैशीला," ती म्हणाली.

"काय कळवू?"

"लांब हाय, पर उठतेत."

बसस्टँडवर तिला सोडताना मी न राहवून विचारलंच, की आत्या, सिनेमातला उठला म्हणून बुसानचा उठेल कशावरून? ती एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "ज्यानं सिनेमा काढला त्याला ती गोष्ट दाखवाविशी वाटली का न्हाई? मंग त्या मुलखात ती करणारे बी असतील." एवढ्यात गाडी निघाली.

पुढचं सगळं वैशालीकडून कळलेलं. आत्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती चौकशी करतच. बसल्या बसल्या पाणी मागितलं; हवाई सुंदरी लगेच आली, तेव्हा आत्यानं तिचं लग्न ठरलंय का म्हणून विचारलं. बुसानला मुलाच्या घरी उंबऱ्याशी जोडे काढले, आत जाऊन जमिनीवर बसली आणि कुणाला काही कळायच्या आत मराठीत म्हणाली, "पाणी." वैशाली उठायला लागली तर तिला डोळ्यांनी दाबलं. मराठी तर त्यांच्यात कुणालाच येत नव्हती, पण म्हातारं माणूस हातानं पेल्याची खूण करून काय मागतंय हे कळायला भाषा कशाला लागते? मुलगा उठला. मुलाची आई उठली. मुलाचे वडील, ज्यांचे गुडघे दुखतात, तेही उठले. तिघं त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात एकदम शिरले आणि दारात अडकले. वैशाली हसून हसून सांगत होती, "दादा, आईपुढे तीन पेले आले, आणि तिनं तिन्ही प्यायले." लग्नात आत्यानं विहीणबाईंना साडी नेसवली, व्याह्यांच्या आणि जावयाच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या घातल्या, आणि त्या टोप्या घालून बापलेक दिवसभर समुद्रकिनाऱ्यावर हिंडले.

गेल्या महिन्यात आत्या परत आली. गंगाखेडला तिच्या घरी मी दुपारी गेलो. फडताळात कैरीच्या लोणच्याशेजारी विहीणबाईंनी दिलेली किमचीची, म्हणजे तिकडच्या कोबीच्या तिखट लोणच्याची, बरणी मांडलेली. आत्या सांगत होती, सांगत होती: तिथला बाजार, तिथली मासळी, जमीनच गरम होते अशी घरं, विहीणबाई रोज सकाळी 'जेवलात का' विचारायच्या ते. हातवारे करून, नकला करून, स्वतःच खदाखदा हसून. तिचा घसा सुकला. आणि बोलता बोलता, मान न वळवता, जुन्या सवयीनं ती स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाली, "वैशे, पाणी दे गं."

म्हणाली आणि थांबली. आत कुणी नव्हतं. माठावरचं झाकणसुद्धा हललं नाही. आत्या दाराकडे बघत राहिली, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या दारात बसून ती जे बघत आली, ते आता ती आपल्या घरात बघत होती.

मी उठलो. माठातून पेला भरला, आणि त्या सिनेमात बघितल्यासारखा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आत्यानं तो घेतला, एका दमात प्यायली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उठलास रे लेकरा."